गार्डसाहेबांचे चाकांवरचे घर

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, आणि गेली सहा-सात वर्षे एक घरही आहे. दोन्ही एकदम असणे सोपे नाही. गाडीने चालावे अशी लोकांची अपेक्षा असते आणि घराने थांबावे अशी. माझ्याकडे ही दोन्ही कामे होती, आणि एका सकाळी मला थांबायचे असताना मी चालले. ती सकाळ मला तुम्हाला सांगायची आहे. पण आधी मी कोण, कुठली, ते सांगते.

माझा जन्म २००९ साली पिथमपूरला एका कारखान्यात झाला. सव्वीस आसने, पिवळा रंग. उज्जैनच्या एका शाळेने मला घेतले. सात वर्षे मी मुलांची ने-आण केली. रोज दोन फेऱ्या, रविवारी सुट्टी. सिंहस्थाच्या वर्षी महिनाभर मला यात्रेकरूंच्या कामावर लावले, तेव्हा माझ्या अंगावर एवढी धूळ बसली की माझा रंग कोणता हे कोणाला सांगता आले नसते. पुढे शाळेने वातानुकूलित नव्या गाड्या आणल्या आणि मला देवास रोडवर एका पत्र्याच्या शेडमध्ये उभे केले. दोन वर्षे मी तिथे होते. टायर बसले. चालकाच्या आसनावर एका मांजरीने तीन वेळा पिल्ले घातली. माझी आठवण काढायला दुसरे कोणी आले नाही.

२०१८च्या पावसाळ्यानंतर एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ शेडमध्ये आले. त्यांनी हातातल्या काठीने माझे प्रत्येक चाक ठोकून पाहिले आणि आवाज ऐकला. हे श्रीकांत वाळिंबे. मूळचे वाईचे. रेल्वेत गार्ड म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. चौतीस वर्षे त्यांनी मालगाड्यांच्या शेवटच्या डब्यात उभे राहून नोकरी केली. जानेवारीत निवृत्त झाले होते आणि रेल्वेचे क्वार्टर सोडायची वेळ आली होती.

मला घर करण्याची कल्पना मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या पत्नीची, सुलभाबाईंची. ही हकिकत त्या पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगत, त्यामुळे मला ती पाठ आहे.

"नानाखेड्याला फ्लॅट बघून ठेवलाय," श्रीकांतराव म्हणाले होते.

"तुम्ही राहा. मी नाही येत," बाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं तुम्ही फिरलात आणि मी क्वार्टरच्या खिडकीत बसून भाजी निवडली. आताही मी खिडकीतच बसेन. पण खिडकी चालली पाहिजे."

"म्हणजे यात्रा काढायची म्हणतेस?"

"यात्रा नाही हो. यात्रेहून परत यावं लागतं."

मक्सी रोडवरच्या एका कारागिराने माझी आसने काढली. पलंग आला, कपाटे आली, मागे न्हाणीघर आले, टपावर पाण्याची टाकी आली. पिवळा रंग बाईंनी बदलू दिला नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावरून मात्र बरीच बाचाबाची झाली. बाईंना कडप्प्याची फरशी हवी होती.

"अम्माजी, गाड़ी में पत्थर कौन लगाता है? एक गड्ढे में दो टुकड़े हो जाएगा," कारागीर म्हणाला.

"तो धीरे चलाएँगे ना. स्टील पे मैं रोटी नहीं बेलूँगी, भैया."

कडप्पा बसला.

मग वास्तुशांत. गाडीची पूजा करून नारळ फोडला असता तर पाच मिनिटांत काम झाले असते, पण बाई म्हणाल्या, घरात राहायचे तर घराचा विधी हवा. रामघाटावरचे एक गुरुजी आले. होम माझ्या दाराशी झाला. शेवटी वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात ठेवायची वेळ आली, आणि गुरुजी हातात प्रतिमा घेऊन थबकले.

"वाळिंबे, अडचण आहे. तुमचं घर आत्ता पूर्वेला तोंड करून उभं आहे, म्हणून हा कोपरा आग्नेय. उद्या तुम्ही ते दक्षिणेला वळवलंत, की आग्नेय कोपरा नैर्ऋत्येला जाणार!"

"मग?"

गुरुजींनी थोडा विचार केला. "असं करा. चालेल तेव्हा ते वाहन. उभं राहील तेव्हा वास्तू. उभं करताना तोंड पूर्वेला ठेवत जा, म्हणजे झालं."

"आणि तशी जागा नसली तर?" श्रीकांतरावांनी विचारले.

"जागा बघूनच उभी करायची," सुलभाबाईंनी गुरुजींच्या आधी उत्तर दिले.

आग्नेय कोपरा नेमका चालकाच्या आसनाखाली आला. तिथला पत्रा उचलून प्रतिमा पालथी ठेवली आणि पत्रा पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी श्रीकांतरावांनी एक होकायंत्र आणून माझ्या स्टिअरिंगपुढे चिकटवले.

मित्रांनो, मी शाळेच्या दिवसांत चार चालक पाहिले होते. श्रीकांतरावांसारखा एकही नव्हता. ते म्हणत, गार्डाचे काम गाडी पळवणे नाही, गाडी सांभाळणे आहे. निघण्याआधी ते माझ्याभोवती पूर्ण फेरी मारत. काठीने चाके ठोकत. मग शिट्टी वाजवत. डाव्या आसनावर बसलेल्या सुलभाबाईंनी खिडकीतून हिरवा नॅपकिन दाखवल्याशिवाय ते मला सुरू करत नसत. प्रथम बाईंना लाज वाटे. पुढे नॅपकिन सापडला नाही तर त्याच ओरडत, "थांबा हो, सिग्नल नाही अजून!"

थांबण्याचा नियम याहून कडक होता. माझ्या हातब्रेकची तार जुनी आहे. ती एकटी मला उतारावर धरू शकत नाही. हे आम्हा तिघांनाही माहीत होते. म्हणून त्यांनी बाभळीचे दोन मोठे ठोकळे घडवून घेतले होते; ते एका लाकडी पेटीत असत. गाडी गिअरमध्ये ठेवायची, खाली उतरायचे, ठोकळे चाकांपुढे सारायचे, पायाने दोनदा ठोकायचे, आणि मग मोठ्याने सांगायचे, "गाडी बांधली!" हे शब्द कानावर पडल्याशिवाय सुलभाबाई गॅस पेटवत नसत. मालगाडी उभी केल्यावर ती घसरू नये ही गार्डाची जबाबदारी असते. ती सवय त्यांनी माझ्यासाठी जशीच्या तशी आणली होती.

पाच वर्षे आम्ही चांगली काढली. मांडू, ओंकारेश्वर, महेश्वर. एकदा वाई. दोन हिवाळे गुजरातच्या किनाऱ्यावर. २०२०च्या उन्हाळ्यात सगळे बंद झाले तेव्हा सत्तर दिवस उज्जैनमधल्याच नानाखेड्याला एका मोकळ्या प्लॉटवर. शेजारच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची मुलगी गौरी राहते. ती एका शाळेत गणित शिकवते. तेव्हा ती रोज खिडकीतून दोरीने भाजीची पिशवी खाली सोडत असे. गावोगाव लोक मला पाहायला येत. मुले आत डोकावून विचारत, "ये घर है कि गाड़ी?" रेल्वेने गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायचे ठरवले, ती बातमी त्यांनी माझ्यातच वाचली.

"बरं झालं तुम्ही आधी रिटायर झालात," सुलभाबाई म्हणाल्या. "घरात मॅनेजर एकच पुरे."

२०२३च्या ऑक्टोबरात मांडूहून परतताना ते पहिल्यांदा चुकले. धारला त्यांनी मला भलत्याच रस्त्यावर घातले. सुलभाबाईंनी विचारले तेव्हा म्हणाले, "लूपवर घेतलीय. मागून मेल येतोय." मागच्या मेलला वाट देण्यासाठी मालगाडी बाजूच्या रुळावर घेतात, तो लूप. बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. अकरा किलोमीटर गेल्यावर त्यांचे हसणे थांबले.

त्यानंतर महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. गाडीला हे लपवता येत नाही. माझ्या काट्यावर प्रत्येक जादा किलोमीटर चढत होता. सुलभाबाईंनी मात्र लपवले. त्यांनी रस्ते पाठ केले. वळण आले की गप्पा मारल्यासारखे म्हणत, "अहो, ते डावीकडचं चिंचेचं झाड बघा, किती लगडलंय!" आणि ते डावीकडे वळत. गॅसची कळ त्या दोनदा तपासत. दिवे, पाणी, दार, किल्ली, सगळे त्या गुपचूप बघत. गौरीचा रोज संध्याकाळी फोन येई.

"बाबा काय करताहेत?"

"हवा भरताहेत चाकात. मजेत आहेत."

बाबा तेव्हा त्यांच्यासमोर बसून बिस्किटाचा डबा कोणत्या बाजूने उघडतो ते शोधत असत.

त्या खोटे का बोलत होत्या हे मला ठाऊक होते. गाडी फक्त श्रीकांतरावांना चालवता येत होती. गौरीला कळले की किल्ली जाणार, आणि किल्ली गेली की घर जाणार. उतारवयात मिळालेले, त्यांनी स्वतः मागून घेतलेले एकमेव घर. एका गोष्टीवर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास होता. ती त्यांनी कधीच तपासली नाही. कारण ती त्यांच्या नवऱ्याच्या हातून चौतीस वर्षांत कधी चुकली नव्हती.

आता ती सकाळ. २०२४चा कार्तिक महिना. फोनवर एकदा श्रीकांतराव गौरीला "कोण बोलतंय?" असे विचारून बसले होते, आणि तेव्हापासून तिला संशय होता. ती साडेनऊला येणार होती, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. आम्ही नदीपलीकडे, रामघाटाच्या समोरच्या तीरावर होतो. तिथली जमीन शिप्रेकडे उतरते, आणि त्या तीरावरून नदी पूर्वेला आहे. श्रीकांतरावांनी मला नेहमीप्रमाणे आडवे उभे केले. ते बरोबर होते. उतारावर गाडी आडवीच उभी करायची असते.

"अहो, तोंड उत्तरेला आहे," सुलभाबाई म्हणाल्या.

"उतार आहे, सुलभा. इथे चालतं."

"आज नको. आज पोरगी चुका काढायलाच येतेय. घरात एकही गोष्ट वाकडी दिसायला नको. वळवा ना!"

त्यांनी मला वळवले. माझे तोंड पूर्वेला झाले, म्हणजे उताराला, म्हणजे पाण्याला. ते उतरले. माझ्याभोवती फेरी मारली. काठीने चाके ठोकली. पायाने जमिनीवर दोनदा ठोकले. आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गाडी बांधली!"

शब्द बरोबर होते. आवाज बरोबर होता. ठोकळे पेटीतच होते, आणि गिअर न्यूट्रलमध्ये होता.

सुलभाबाईंनी गॅस पेटवला. थालीपीठ तव्यावर टाकले. श्रीकांतराव बादली घेऊन खाली पाण्याकडे गेले. दहा मिनिटे त्या जुन्या तारेने मला एकटीने धरले. नऊ वाजून वीस मिनिटांनी तिने मला सोडले.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. माझा भोंगा दुसऱ्या कोणीतरी दाबावा लागतो. पहिल्या चार पावलांत आतल्या माणसाला काही कळले नाही. मग तवा घसरला, तेल सुलभाबाईंच्या डाव्या हातावर सांडले. त्यांनी आधी सिलिंडरची कळ बंद केली आणि मग त्या किंचाळल्या.

ती किंचाळी ऐकून श्रीकांतरावांनी वळून पाहिले. ते बाजूला पळाले नाहीत. बादली टाकून ते सरळ माझ्या वाटेत आले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर उंच धरले. रेल्वेत हाताशी झेंडी नसेल तर धोक्याची खूण अशी करतात. समोरची गाडी ती खूण पाहून थांबते. त्यांना वाटले, मीही थांबेन. मी त्यांचा चेहरा स्पष्ट पाहत होते. त्यावर भीती नव्हती. मी हुकूम मानीन याची खात्री होती.

मी मानला नाही. माझ्यात तेवढी शक्तीच नसते.

त्यांच्या आणि माझ्या मध्ये यात्रेकरूंना बसण्यासाठी बांधलेला एक दगडी ओटला होता. मी त्यावर आदळले आणि थांबले. कडप्प्याची फरशी मधोमध तडकली. ओटल्यापलीकडे साडेतीन हातांवर श्रीकांतराव उभे होते. त्यांचे हात अजून वर होते.

गौरी आली तेव्हा घाटावरच्या लोकांनी मला दोरखंड बांधले होते आणि कोणीतरी चाकांपुढे दगड लावले होते. सुलभाबाईंच्या हाताला ओले फडके गुंडाळलेले होते.

"काही नाही गं, हातब्रेकची तार तुटली," गौरीने विचारण्याआधीच त्या म्हणाल्या. "जुनी झाली होती. टाकू नवीन."

"तार नाही तुटली," श्रीकांतराव म्हणाले. ते ओटल्यावर बसले होते. बराच वेळ ते ठोकळ्यांच्या पेटीकडे पाहत होते. "गौरी, कागद दे."

"बाबा, आधी आईला दवाखान्यात नेऊ या."

"दोन मिनिटं. मग जा. रिपोर्ट जागेवरच लिहितात."

त्यांनी लिहिले. अक्षर सुंदर होते, ओळी सरळ होत्या. तो कागद गौरीने मोठ्याने वाचला, म्हणून मला माहीत आहे. 'वेळ ०९.२०. गाडी बांधल्याचे मी सांगितले. गाडी बांधलेली नव्हती. ठोकळे पेटीत. गिअर न्यूट्रल. आत एक व्यक्ती होती. जबाबदारी गार्डाची. गार्डाला ड्यूटीवरून उतरवावे.' खाली सही.

"अहो, हे काय लिहिता! एवढं काय झालंय?"

"रिपोर्टमध्ये खोटं लिहीत नाहीत, सुलभा. साक्षीदार म्हणून सही कर."

सुलभाबाईंनी उजव्या हातात पेन घेतले. सही केली नाही. उभ्या राहिल्या, मग ओटल्यावर त्यांच्या शेजारी बसल्या.

"मग माझंही लिहा. तोंड पूर्वेला मी करायला लावलं. आणि हे वर्षभर चाललंय. मला माहीत होतं. तेही लिहा."

"वर्षभर?" गौरी म्हणाली. "आई, मी रोज फोन करत होते गं!"

"रोज करत होतीस. म्हणून तर रोज खोटं बोलावं लागलं."

गौरीने वडिलांच्या खिशातून किल्ली काढून घेतली. त्यांनी ती काढू दिली. त्या दिवशी मला नानाखेड्यापर्यंत ओढून नेले.

इंदूरच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. सुलभाबाईंनी ते एकदाच उच्चारले आणि पुन्हा कधी नाही. दोघे गौरीकडे दुसऱ्या मजल्यावर राहू लागले. मी खाली प्लॉटवर बंद. हे एकोणीस दिवस चालले. गौरीचे घर चांगले होते, पण श्रीकांतरावांना त्यातला दिवा लावता येत नव्हता. न्हाणीघर समजून ते कपाट उघडत. जिन्यात दुसऱ्यांची दारे ठोठावत. दिवसातून दोनदा ते खाली येऊन माझ्या दाराशी उभे राहत. विसाव्या दिवशी सुलभाबाईंनी दार उघडले. ते आत आले, न पाहता हात वर केला आणि पहिल्याच झटक्यात दिव्याचे बटण दाबले. गौरी मागे उभी होती. तिने ते पाहिले आणि वर जाऊन त्यांच्या पांघरुणांची गाठोडी घेऊन आली.

असे ते माझ्यात परत आले. पण माझ्यात एक चालकाचे आसनही होते. ते त्यावर बसत आणि किल्ली शोधत. एके दुपारी त्यांना जुन्या डब्यात दुसरी किल्ली सापडली. त्यांनी मला सुरू केले. समोर रस्त्यावर रिक्षा होत्या, माणसे होती. गौरी आरडाओरडा करत जिना उतरली. सुलभाबाईंनी हात घालून किल्ली फिरवली आणि मी बंद झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुमीतला बोलावले. सुमीत नानाखेड्याचा मेकॅनिक. त्याने माझी अनेक दुखणी बरी केली आहेत.

"चारही चाकं काढ. विटांवर चढव," बाई म्हणाल्या.

"काकी, सोचून घ्या. एकदा ईंटांवर चढली ना, की मग गाडी गाडी नाही राहत. मी बॅटरी काढून देतो, तेवढ्यानं होईल."

"ते बॅटरी शोधतील. मग मला रोज बॅटरी लपवावी लागेल. लपवून झालं माझं सगळं."

"चाकं मी गॅरेजला ठेवू? पुढेमागे..."

"दुसऱ्या गाडीला लाव."

सुमीत जॅक आणायला गेला. तेवढ्यात सुलभाबाई एकट्या माझ्याभोवती एक फेरी फिरल्या. भाजलेल्या हाताची कातडी अजून गुलाबी होती. तो हात त्यांनी प्रत्येक चाकावर ठेवला. मग खुर्ची टाकून समोर बसल्या आणि चारही चाके निघेपर्यंत उठल्या नाहीत.

गाडीच्या आयुष्यात यापुढे काही नसते. शेडमधल्या दोन वर्षांत टायर बसले होते तरी मला आशा होती. विटांवर आशा नाही. पण मी हेही सांगितले पाहिजे की त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त कोणी गमावले असेल तर ते सुलभाबाईंनी. आता त्या पुन्हा एका जागी बसतात, आणि श्रीकांतराव मनाने पुन्हा फिरतीवर असतात. सकाळी ते नागद्याला असतात, दुपारी रतलामला. त्या विचारतात, "गाडी वेळेवर आहे का?" ते सांगतात, "वीस मिनिटं लेट." त्या चहा ठेवतात.

जानेवारीत ते खरोखरच निघून गेले. सुलभाबाई न्हाणीघरात होत्या. नोकरीतली जुनी पत्र्याची पेटी घेऊन ते ड्यूटीवर निघाले. चार तास शोध चालला. बाईंनी गल्लीत कोणालाच काही सांगितलेले नव्हते, त्यामुळे त्यांना जाताना पाहणाऱ्या पाच जणांना वाटले, गार्डसाहेब फिरायला चालले आहेत. शेवटी भैरवगढहून एक बाई रिक्षाने त्यांना घेऊन आल्या. त्यांचे नाव अहल्या. त्या तिथे कापडावर ठप्पे मारण्याचे काम करतात. श्रीकांतराव त्यांच्या कारखान्याच्या दाराशी येऊन बसले होते. कोणाच्या तरी ओल्या कापडाला टेकल्यामुळे त्यांच्या सदऱ्यावर लाल फुले उठली होती.

"दीदी, पता पूछा तो रेलवे कॉलोनी बताया," अहल्याबाई म्हणाल्या. "वहाँ ले गई तो उस क्वार्टर वालों ने दरवाज़ा बंद कर लिया. फिर तीन मोहल्ले घूमी. आप लोग लिख के क्यों नहीं रखते?"

"लाज वाटली," सुलभाबाई मराठीतच म्हणाल्या. अहल्याबाईंना ते कळले असावे. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "शरम से आदमी घर नहीं पहुँचता, दीदी."

त्याच आठवड्यात पाट्या रंगवणारा एक पेंटर आला. सुलभाबाईंनी मजकूर सांगितला. इथले शेजारी हिंदी बोलणारे, म्हणून हिंदीत. माझ्या पिवळ्या अंगावर, रस्त्याच्या बाजूला, हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत त्याने लिहिले: 'श्रीकांत वालिंबे, रेलवे गार्ड, यहाँ रहते हैं. इन्हें रास्ता याद नहीं रहता. कहीं मिलें तो यहाँ पहुँचा दें.' गौरीने तशाच मजकुराची कार्डे करून वडिलांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात शिवली. त्यांवर पत्ता एवढाच आहे: नानाखेडा, ईंटों वाली पीली गाड़ी. सहा वर्षे या घराला पत्ता नव्हता. आता मीच त्यांचा पत्ता आहे.

रंग वाळायच्या आत श्रीकांतराव चहाचा कप घेऊन बाहेर आले. स्टेशनची पाटी वाचावी तसे त्यांनी सगळे मोठ्याने वाचले. दोनदा.

"कोण हे वालिंबे?"

सुलभाबाई त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "आहेत एक. रेल्वेत होते."

"गार्ड?"

"गार्ड."

"मग काळजी करू नका, बाई," ते म्हणाले. "येतील ते. गार्ड गाडी सोडून जात नाही."

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी वाट चुकू लागले, नाव विसरू लागले, तर ते झाकू नका. प्रेमाने झाकले तरी ते झाकणेच असते. आमच्या घरात वर्षभर झाकले गेले, आणि साडेतीन हातांवर येऊन थांबले. ज्या दिवशी लक्षात येईल त्याच दिवशी घरच्यांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा. आणि कधी उज्जैनच्या रस्त्यावर पांढऱ्या मिशांचे, पत्र्याची पेटी घेतलेले एक उंच गृहस्थ तुम्हाला दिसले, तर त्यांना घर कुठे असे विचारू नका. ते चुकीचे सांगतील, आणि खात्रीने सांगतील. त्यांच्या खिशातले कार्ड वाचा. त्यांचा हात धरून ओढू नका, त्यांच्या चालीने चाला. नानाखेड्याला कोणीही मला दाखवील. तुम्ही याल तेव्हा मी जागेवरच असेन.